सूडदेवतांचे बिऱ्हाड

अथेन्सला जाणारा प्रवासी ॲक्रोपोलिस डोळे भरून पाहतो आणि शेजारच्या बोडक्या खडकाला पाठ दाखवून चालू लागतो. मला ओढ होती ती मात्र या खडकाचीच. त्याचे नाव एरिओपॅगस. जुन्या कोरीव पायऱ्या इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की, बाजूच्या लोखंडी जिन्याने मुकाट्याने वर चढलो. वर तरुण मंडळी सूर्यास्ताची वाट पाहत बसली होती. प्राचीन काळी याच टेकडीवर खुनाचे खटले चालत आणि खालच्या एका कपारीत सूडदेवतांचे स्थान होते!

या देवता म्हणजे एरिन्यीस. आप्ताचे रक्त सांडणाऱ्याचा त्या वास काढीत पाठलाग करीत. त्यांचे नाव घ्यायचीही लोकांना धास्ती; म्हणून अथेन्सचे लोक त्यांना 'सेम्नाई', म्हणजे 'पूज्य देवता', म्हणत. आपल्याकडे नाही का, अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' म्हणत?

इ. स. पूर्व ४५८ मध्ये एस्किलसने त्यांना रंगभूमीवर आणले. बापाच्या खुनाचा सूड म्हणून ओरेस्टीसने सख्ख्या आईला मारलेले. याच टेकडीवर खटला उभा राहिला. मते समसमान पडली. अथीनेचा कौल ओरेस्टीसकडे, म्हणून तो सुटला. मग आईच्या रक्ताची दाद घ्यायची कोणी? देवता खवळल्या. ही भूमी नापीक करू, म्हणाल्या. अथीनेने त्यांना हाकलले नाही. समजूत घातली, मान दिला, लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वेळचा नैवेद्य देऊ केला आणि मशालींच्या उजेडात त्यांना इथेच भूमीखाली बिऱ्हाड करून दिले.

दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी इथे आला. त्याने लिहून ठेवले आहे की, इथल्या मूर्तींत भयंकर असे काहीच नव्हते. आणि एरिओपॅगसवर जो निर्दोष सुटे, तो या देवतांना बळी अर्पण करी.

हे आठवले आणि मी त्या खडकावर बराच वेळ बसून राहिलो. न्यायाधीशांनी सोडले म्हणून मेलेल्या माणसाचा आकांत थोडाच संपतो? सुटलेल्याने त्यापुढे मान लववावी, एवढे शहाणपण त्या लोकांपाशी होते. ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाला आजही एरिओपॅगसचेच नाव आहे. सुटलेले लोक तिथूनही पायऱ्या उतरून घरी जातात; वाटेत कपारीपाशी थांबण्याचा रिवाज तेवढा उरलेला नाही.