विक्रांतवर आधी चढले ते

बेलफास्ट

ती. बाबांस शि. सा. न.

क्वीन्स आयलंडवर येणारी गर्दी टायटॅनिकसाठी येते. १९११ साली ती बोट जिथून पाण्यात उतरली तो उतार, २०१२ साली उघडलेलं भलंमोठं संग्रहालय, तिच्या नावाचे चहाचे मग, सगळा बाजार तिचाच. टायटॅनिक बांधणाऱ्या याच हार्लंड अँड वुल्फच्या गोदीत ४ मार्च १९६१ला आपली विमानवाहू बोट विक्रांत नौदलात दाखल झाली, हे विचारत इथवर येणारे थोडेच. बुडालेल्या बोटीला जगभर गिऱ्हाईक असतं, लढून परत आलेल्या बोटीला नसतं.

विक्रांत मुळात इथली नव्हेच. १९४३मध्ये टाइन नदीकाठी व्हिकर्स-आर्मस्ट्राँगने ती ‘हर्क्युलिस’ या नावानं बांधायला घेतली. जपानने शरणागतीवर सही केली २ सप्टेंबर १९४५ला आणि हिचा सांगाडा पाण्यात उतरला २२ सप्टेंबरला. युद्ध संपलं, बोट नकोशी झाली. काम अर्ध्यावर थांबलं आणि ती वर्षानुवर्षं नुसती नांगरून पडली. १९५७मध्ये भारतानं ती घेतली. मग इथे आणून तिच्यावर तिरकी धावपट्टी आणि विमान फेकणारा वाफेचा कॅटापुल्ट बसवला.

गंमत अशी, की पंधरा वर्षांहून जुन्या सांगाड्याला खलाशी मात्र पहिलेच मिळाले. आपल्या नौदलाची ‘दिल्ली’ ही बोट आधी ‘अकिलीस’ होती, रिव्हर प्लेटची लढाई लढून आलेली. ‘म्हैसूर’ आधी ‘नायजेरिया’ होती. त्यांच्यावर गेलेल्या आपल्या नौसैनिकांना दुसऱ्यांनी वापरलेलं, वळण लागलेलं घर मिळालं. हर्क्युलिस ब्रिटिश नौदलात कधी दाखलच झाली नाही. तिच्यावर कुणाचं वळण नव्हतं.

म्हणजे पहिल्या तुकडीला काय करावं लागतं? बोट पुरी होण्याआधीच तिच्यावर राबायचं. कामगार पाइप जोडत असतानाच कुठला पाइप कुठून कुठे जातो, कुठला व्हॉल्व्ह बंद केला की काय थांबतं, हे पाठ करायचं. बॉयलर पहिल्यांदा पेटला की त्याचे आवाज ओळखायला शिकायचं. आग लागली तर कुणी कुठे धावायचं, याच्या याद्या स्वतः बनवायच्या, कारण आधीची यादीच नसते. विक्रांत होती २१३ मीटर लांब आणि माणसं हजारावर. त्यांचे पहिले कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू. दाखल होण्याच्या समारंभाला लंडनहून हायकमिशनर विजयालक्ष्मी पंडित आल्या होत्या.

अमेरिकन नौदलात अशा पहिल्या माणसांना ‘प्लँक ओनर’ म्हणतात. डेकच्या एका फळीवर त्यांचा हक्क, अशी जुनी समजूत. विक्रांतच्या मंडळींना फळी मागायची सोयच नव्हती, डेक पोलादी.

१९६१च्या त्या मार्चमध्ये याच गोदीत ‘कॅनबेरा’ या प्रवासी बोटीचंही काम चालू होतं. ती मोडली गेली पाकिस्तानात, गडानीच्या किनाऱ्यावर. विक्रांत मोडली मुंबईत, दारूखाना या जहाजं मोडायच्या भागात. एकाच गोदीतल्या या दोघी शेवटी आपल्याच समुद्राला लागल्या.

ब्रॉडी, वेल्स

इथे बघण्यासारखं काही नाही, पण आल्याशिवाय हिशेब लागत नाही. पेंब्रोकशायरच्या टोकाला समुद्रावरचं वारं आणि जुनी धावपट्टी. आता विमानं नाहीत, लष्कराची छावणी आहे. बोट बेलफास्टला तयार होत असताना तिच्या सी हॉक जेटची ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन ७ जुलै १९६०ला इथे उभी राहिली, म्हणजे बोटीच्या आठ महिने आधी. व्हाइट टायगर्स म्हणतात ते हेच.

१८ मे १९६१ला विक्रांतच्या डेकवर पहिलं जेट उतरलं. वैमानिक होते लेफ्टनंट तहिलियानी, पुढे नौदलप्रमुख झाले ते. (फॅशन डिझायनर तरुण तहिलियानींचे वडील. आईला हे सांगा, ती विमानांपेक्षा यात रमेल.) उतरणं म्हणजे शेपटाखालचा हूक डेकवरच्या आडव्या तारेत अडकवणं. तार चुकली तर पूर्ण ताकद लावून पुन्हा उडायचं. नाव वैमानिकाचं झालं. पण तारांचा ताण लावणारे आणि डेक मोकळा करणारे हातही त्या दिवशी आपल्या बोटीवर हे पहिल्यांदाच करत होते. त्यांची नावं सहसा कुणी सांगत नाही.

इएर, फ्रान्स

दक्षिण फ्रान्स. ताडांची झाडं, मिठागरं, मिठागरांत फ्लेमिंगो. सुट्टीला आलेल्यांची विमानं आणि फ्रेंच नौदलाची विमानं एकाच तळावरून उडतात. ३१०वी स्क्वाड्रन, कोब्राज, इथे २१ मार्च १९६१ला सुरू झाली. विक्रांतवर तिरंगा चढून तेव्हा सतरा दिवस झाले होते, म्हणजे समारंभाला घरातली निम्मी माणसं यायचीच होती. यांची विमानं अलिझे, तिघांनी बसून पाणबुड्या हुडकायची. इंजिन रोल्स-रॉइस डार्ट, इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट आणि फोकरला होतं तेच. पहिले प्रमुख मिहिर रॉय. १९७१च्या युद्धात नौदलाचं गुप्तवार्ता खातं त्यांच्याकडे होतं.

३ नोव्हेंबर १९६१ला विक्रांत मुंबईला लागली, बॅलार्ड पिअरवर पंडित नेहरू घ्यायला आले होते. स्थिरावायला वेळ मिळालाच नाही. दीड महिन्यात गोवा मुक्तीची मोहीम निघाली आणि विक्रांतला पश्चिम किनाऱ्याबाहेर गस्तीला जावं लागलं. बाहेरच्या कुणी मध्ये पडू नये म्हणून.

विक्रांत मोडल्यावर पुण्याच्या बजाजने तिचं पोलाद वितळवून मोटारसायकलच्या टाकीत घातलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कल्पना झकास, गाड्याही खपल्या. तरी बोटीचं पोलाद आठवणीत राहावं आणि त्यातला प्रत्येक व्हॉल्व्ह पाठ केलेली माणसं राहू नयेत, हे खटकतंच.

निदान दुसऱ्या खेपेला ही माणसं नोंदवायला उशीर नको. नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ला कोचीत दाखल झाली. पहिले कमांडिंग ऑफिसर विद्याधर हारके. १९६१च्या समारंभात पाहुण्या म्हणून विजयालक्ष्मीबाई होत्या, खलाशांत बाई एकही नव्हती. कोचीच्या बोटीत महिला अधिकारी आणि खलाशांसाठी केबिन आराखड्यातच धरल्या आहेत. त्या तुकडीतलं कुणी ओळखीत निघालं तर आत्ताच बोलतं करा आणि लिहून ठेवा. आईला नमस्कार.