लाल पेशींचा आकडा

‘रक्त कमी आहे’ हे वाक्य आपल्याकडे निदान म्हणून खपतं आणि त्याच्या पाठोपाठ लोहाच्या गोळ्या येतात. आनुवंशिक रक्तविकारांवर काम करताना माझं मत पक्कं होत गेलं आहे ते असं, की सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद पूर्ण वाचल्याशिवाय त्या गोळ्यांवर समाधान मानू नये. मुंबईच्या उपनगरांत तर नाहीच. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली इथे कच्छी, लोहाणा, सिंधी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि या समाजांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक, म्हणजे ज्यांना सगळे ‘मायनर’ म्हणतात ते, बरेच जास्त आढळतात. पण विकार त्यांच्यापुरताच आहे असं समजणंही चूक. मुंबईसह सहा शहरांत कॉलेजचे विद्यार्थी आणि गरोदर स्त्रिया मिळून ५६ हजारांहून अधिक जणांची तपासणी झाली, तेव्हा २.७८ टक्के वाहक निघाले. आडनाव पाहून तपासणी करायची म्हटलं, तर त्यातले कितीतरी निसटतील.

कागद वाचायचा म्हणजे काय? समजा, हिमोग्लोबिन १०.८ आहे. बहुतेकांची नजर इथेच थांबते. त्याच कागदावर एमसीव्ही आहे ६२, म्हणजे पेशी फारच लहान. आणि लाल पेशींची संख्या ५९ लाख. हा आकडा बोलका आहे. लोह कमी पडलं की अस्थिमज्जेकडे कच्चा मालच नसतो, त्यामुळे पेशी लहान होतात आणि सहसा संख्येनेही घटतात. मायनरमध्ये बीटा साखळी बनवणारं एक जनुक अधू असतं. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन थोडंच भरतं आणि मज्जा जास्त पेशी बनवून ती तूट भरून काढू पाहते. एमसीव्हीला दहा लाखांत मोजलेल्या पेशीसंख्येने भागायचं: ६२ भागिले ५.९, म्हणजे साधारण साडेदहा. उत्तर तेराच्या आत आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्यावा, हा ठोकताळा १९७३ पासून सर्वांना उपलब्ध आहे. या भागाकाराला पैसा लागत नाही. मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसीला नमुना लावायचा; सहा-सात मिनिटांत आलेख उमटतो आणि त्यातला एचबीए२ हा प्रकार चार टक्क्यांच्या वर दिसला की बहुधा प्रश्न मिटतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना ॲनिमिया आहे आणि त्यात लोहाच्या कमतरतेचा वाटा फार मोठा. मग आधी लोह दिलं तर बिघडलं कुठे? काहीच नाही. उलट, मायनर आहे म्हणून लोह नाकारणं हा तितकाच मोठा अन्याय, कारण वाहक स्त्रीचंही लोह कमी असू शकतं. त्याचा निवाडा लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करते. शिवाय लोह फार कमी असेल तर एचबीए२ खाली ओढलं जातं आणि वाहक असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. भागाकारही चुकतो; त्याचं काम पुढची तपासणी सुचवण्यापुरतं. माझा विरोध गोळीला नाही, गोळी दिल्यावर विचार थांबतो त्याला आहे.

लोहाच्या बाबतीत शरीराची एक अडचण आहे. जादा लोह बाहेर टाकण्याची सोयच त्याच्याकडे नाही. आतड्यातून रोज एक-दोन मिलिग्रॅम आत घ्यायचं, एवढाच ताबा, आणि तो यकृतातल्या हेप्सिडिनच्या हाती. थॅलेसेमिया मेजरमध्ये, म्हणजे बीटा साखळीची दोन्ही जनुकं अधू असून वरचेवर रक्त चढवावं लागतं त्या आजारात, वाया जाणाऱ्या पेशींनी भरलेली मज्जा हेप्सिडिनलाच दाबते, आणि लोह साठत असतानाही आतडं आणखी ओढत राहतं. त्यात चढवलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम येतं. ते हृदयात आणि यकृतात साचतं. पूर्वी ते काढायला रात्र रात्र पोटाच्या कातडीखाली सुई ठेवावी लागे. डेफेरिप्रोन या तोंडाने घ्यायच्या औषधाच्या सुरुवातीच्या काही चाचण्या मुंबईत झाल्या. ते भारतात नव्वदच्या दशकाच्या मध्यात आलं, अमेरिकेत मंजूर व्हायला २०११ उजाडलं. आज बोरिवली पूर्वेच्या महापालिका केंद्रात अस्थिमज्जा प्रत्यारोपणही होतं. याचा अभिमान वाटावा, पण ही सगळी धडपड मूल जन्मल्यानंतरची आहे.

वाहकाला दोन महिने लोह दिल्याने असा साठा होत नाही, हे मान्यच. तिथे वाया जातो तो वेळ. गरोदर स्त्रीला आठव्या आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या आणि ‘फरक पडत नाही’ हे तीन महिन्यांनी कळलं, तर वारेचा बारीक तुकडा घेऊन गर्भतपासणी करण्याचे दहा ते बारा हे आठवडे केव्हाच उलटलेले असतात. पुढेही तपासणी करता येते, पण आई-वडिलांना निर्णय घ्यायला उसंत उरत नाही. लग्न मोडतील म्हणून तपासणीच नको, असंही म्हटलं जातं. मायनर हा आजार नाही; दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता २५ टक्के, आणि अशा जोडप्यांनाही गर्भतपासणीचा मार्ग खुला असतो. तेव्हा पहिल्याच सीबीसीत एमसीव्ही कमी दिसला तर गोळ्या खुशाल सुरू कराव्यात, पण त्याच दिवशी एचपीएलसीला नमुना पाठवावा आणि अहवालाची वाट न पाहता नवऱ्याचंही रक्त घ्यावं.