जमा कोणाच्या खाती?

मराठी जमाखर्चाच्या पद्धतीत 'जमा' या शब्दाचा अर्थ बोलण्यातल्या अर्थापेक्षा वेगळा आहे आणि त्या वेगळेपणातच या पद्धतीची सारी नीती साठवलेली आहे. बोलताना जमा म्हणजे आपल्याकडे आलेले, गोळा झालेले. वहीत मात्र आलेली रक्कम ज्याने दिली त्याच्या खाती जमा होते आणि ज्याने घेतली त्याच्या नावे पडते. कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची तारीखवार वही, खतावणी म्हणजे त्याच नोंदी माणसांच्या आणि बाबींच्या खात्यांत वाटून लिहिलेली वही, तर तेरीज म्हणजे सर्व खात्यांच्या बाक्या एकत्र मांडून दोन्ही बाजू जुळतात की नाही हे पाहण्याचा तक्ता. देणाऱ्याचे खाते सांगितल्याशिवाय आलेला एक रुपयाही या वहीत शिरू शकत नाही, आणि म्हणून जमेची बाजू ही खरे तर कमाईपेक्षा ऋणाची, म्हणजे कोणी काय दिले याच्या स्मरणाची बाजू असते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात १९७४ साली ओतकामाचा छोटा कारखाना काढणाऱ्या आणि आता पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त उद्योजकाच्या आयुष्यात ही वही सर्वांत दीर्घकाळ टिकलेली वस्तू ठरली आहे. त्यांचे वडील शाहूपुरीतील गुळाच्या अडतीवर, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलाली घेऊन विकून देणाऱ्या पेढीवर, दिवाणजी होते. ते मोडीत लिहीत, कारण हात फारसा न उचलता सलग लिहिता येणारी ती लिपी हिशेबाच्या घाईला सोयीची होती. गुळाचे रवे तोलून झाले, हमाली आणि तोलाई कापून शेतकऱ्याची पट्टी तयार झाली, की रात्री कंदिलाच्या उजेडात कीर्द खतावली जाई, आणि मुलाने आकडा वाचायचा व वडिलांनी तो खतावणीत पाहून खूण करायची, असा क्रम चाले. मेळ बसल्याशिवाय दिवा मालवायचा नाही, हा त्या घरातला नियम होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले, तेव्हा चार आण्यांचे पंचवीस पैसे बरोबर होत असले तरी एका आण्याचे सव्वासहा होत आणि व्यवहारात हाती सहाच पडत. तो पाव पैसा कोणाच्या खाती जमा करायचा, हा नऊ वर्षांच्या मुलाने वडिलांना विचारलेला प्रश्न पुढे आयुष्यभर त्याची सोबत करणार होता.

कारखाना उभा राहिला तो बँकेच्या कर्जावर आणि घरच्या सोन्यावर. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर लघुउद्योगाला कर्ज मिळण्याची वाट थोडी रुंद झाली होती, तरीही स्वतःच्या हिश्श्याची रक्कम घातल्याशिवाय बँक पुढे येत नसे, आणि ती रक्कम पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून आली. त्या कारखान्याच्या पहिल्या कीर्दीच्या पहिल्या पानावर, 'श्री' खाली, निळ्या शाईत पहिली नोंद आहे ती अशी: 'घरून जमा रुपये २,८००'. या नोंदीत पत्नीचे नाव नाही, पाटल्यांचा उल्लेख नाही आणि व्याजाचा दरही नाही. खतावणीत 'घर खाते' या नावाने उघडलेले ते पान सात वर्षांनी रक्कम नावे टाकून बंद झाले आणि पाटल्या सोडवून आणल्या गेल्या. परंतु त्या सात वर्षांत सणासुदीला जो हात मोकळा राहिला आणि कारखान्याच्या कामगारांचे जे डबे त्याच हाताने भरले, त्यांची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही.

ओतकामाचा धंदा मुळात हिशेबाची शिस्त मागणारा आहे. कुपोला नावाच्या उभ्या भट्टीत कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडी यांचे थर एकावर एक टाकले जातात, वाऱ्याच्या झोताने कोक पेटतो, आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअसला वितळलेला रस वाळूच्या साच्यांत ओतला जातो. थंड झालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि कडेचा जास्तीचा धातू घासून काढण्याच्या कामाला फेटलिंग म्हणतात. किती कोक जळला, किती रस उतरला, किती नग रिजेक्शनमध्ये गेले, हे सारे रोज लिहिले जाई आणि शंभर किलोंमागे दोन किलो कोक वाचला तरी मालकाचा चेहरा खुले. फेटलिंगच्या खात्यात ग्राइंडरसमोर उभे राहणारे कामगार तोंडाला उपरणे बांधत आणि संध्याकाळी त्या उपरण्यावर नाकातोंडाच्या जागी करडा डाग पडलेला असे. वाळूच्या त्या सूक्ष्म धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टातील नोंद बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांत मोडत असे. कोकचा प्रत्येक किलो ज्या वहीत लिहिला गेला, त्या वहीत उपरण्यावरच्या डागाला खाते नव्हते.

वहीचे रूप काळाबरोबर पालटले. व्यापाऱ्यांचे वर्ष पूर्वी पाडव्याला, म्हणजे दिवाळीतील बलिप्रतिपदेला सुरू होई; आयकर कायद्यातील दुरुस्तीने १९८९ पासून सर्वांना ३१ मार्चला वर्ष संपवणे बंधनकारक झाले, आणि वहीपूजन उरले तरी त्या दिवशी नव्या वर्षाची शिल्लक ओढणे संपले. नंतर लाल कापडी बांधणीच्या वह्यांच्या जागी संगणक आला, २००५ साली विक्रीकर जाऊन व्हॅट आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. या प्रत्येक बदलाबरोबर नोंद अधिक जलद आणि अधिक अचूक होत गेली, याबद्दल या उद्योजकांच्या मनात आदरच आहे. मात्र दिवसाअखेर आकडा मोठ्याने वाचून खूण करण्यात देणाऱ्याचे नाव जे एकदा जिभेवरून जात असे, ते जाईनासे झाले, याची त्यांना खंत वाटते.

कारखान्याची सूत्रे मुलीकडे सोपवल्यावर त्यांच्या दिवसात दोन वाचने उरली आहेत, सकाळी वर्तमानपत्राचे आणि संध्याकाळी घरच्या रोजमेळाचे, आणि पहिले वाचनही ते दुसऱ्याच्याच पद्धतीने करतात. मोठ्या कंपन्यांच्या भरघोस नफ्याची बातमी वाचली की त्यांना पुरवठादारांची थकलेली बिले आठवतात. लघुउद्योगांची देणी वेळेवर मिळावीत म्हणून १९९३ साली कायदा झाला, तो अपुरा पडला म्हणून २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांची कमाल मुदत घातली आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज सांगितले. परंतु ज्याच्याकडून उद्याची ऑर्डर हवी आहे त्याच्याकडे आजचे व्याज मागण्याचे धाडस लहान कारखानदार सहसा करत नाही. पुढे आयकर कायद्यातच तरतूद झाली, आणि सूक्ष्म व लघु उद्योगाचे मुदतीबाहेर थकवलेले देणे प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येणार नाही, असा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. थकलेले बिल म्हणजे लहानाने मोठ्याला दिलेले बिनव्याजी भांडवल असते आणि मोठ्याच्या नफ्यात त्या दात्याचे खाते कुठेही दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याचबरोबर आपणही कधीकाळी वाळूवाल्याला आणि पॅटर्न करणाऱ्या सुताराला असेच ताटकळत ठेवले होते, हे ते लपवत नाहीत.

भाजीवालीच्या गाडीवर मोबाइल दाखवताच पैसे पोचल्याचा आवाज होतो, तेव्हाही तोच प्रश्न त्यांच्या मनात उभा राहतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने सुट्या पैशांची कटकट संपवली, आणि जानेवारी २०२० पासून या व्यवहारावर दुकानदाराकडून बँकांनी शुल्क घ्यायचे नाही असे ठरल्यामुळे ही सोय मोफत वाटते. यंत्रणा चालवण्याचा खर्च मात्र बँकांना येतोच आणि त्यातील काही भाग सरकार प्रोत्साहन म्हणून देते, म्हणजे ती जमा अखेर करदात्याच्या खाती लिहावी लागते. शेतीपंपाच्या विजेचेही तसेच आहे. राज्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली, आणि शेतीला स्वस्त दर देताना त्याचा काही भार उद्योगाच्या दरावर टाकण्याची, म्हणजेच क्रॉस सबसिडीची, पद्धत तर त्याहून जुनी आहे. इंडक्शन फर्नेसवर लोखंड वितळवणाऱ्या कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना ती दर महिन्याच्या बिलात भेटते. तरीही ते या योजनेला विरोध करत नाहीत, कारण ज्या गुळावर त्यांच्या वडिलांचे घर चालले तो ज्या उसाचा होता, त्याला रात्री-अपरात्री पाणी पाजणाऱ्याच्या खातीही बरेच काही जमा आहे. त्यांचा आग्रह एवढाच, की देणाऱ्याचे नाव उघडपणे लिहिले जावे.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २०२४ साली आली आणि पात्र महिलांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये येऊ लागले, तेव्हा या उद्योजकांचे पहिले मत प्रतिकूल होते. राज्याच्या तिजोरीवरील भार त्यांना अस्वस्थ करत होता आणि ती अस्वस्थता आजही ओसरलेली नाही. परंतु साबणाच्या वडीवर जीएसटी भरणारी स्त्री त्या तिजोरीत स्वतःही भर घालते, आणि घरोघर जे श्रम कोणत्याही वहीत आले नाहीत त्यांची बाकी फार जुनी आहे, हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःच्या कीर्दीचे पहिले पान आठवले. योजना परवडते की नाही हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. तिला दान म्हणणे मात्र हिशेबाच्या दृष्टीने चूक आहे, या मतावर ते आता आले आहेत.

घरचा रोजमेळ आजही कागदी वहीवर लिहिला जातो. दूध, औषधे, गॅसची टाकी, नातवाची पुस्तके असे आकडे पत्नी वाचतात आणि ते लिहितात. काही वर्षांपूर्वी खतावणीत त्यांनी 'फेटलिंग खाते' या मथळ्याखाली एक नवे पान उघडले असून, त्या खात्यात काम केलेल्या आणि आता धाप लागल्याशिवाय जिना चढू न शकणाऱ्या चार जुन्या कामगारांच्या औषधपाण्याचा खर्च ते तिथे नावे टाकतात. पानाची जमेची बाजू कोरी आहे, कारण त्या माणसांनी जे दिले त्याची रक्कम ठरवता येत नाही. त्याशेजारच्या पानावर 'घर खाते' पुन्हा उघडले आहे आणि तिथेही व्याजाचा रकाना तसाच रिकामा आहे. तेरीज जुळली नाही तर फरक तात्पुरता अनामत खात्यात टाकून दोन्ही बाजू सारख्या करण्याची सोय जमाखर्चात असते, आणि पेढीवरच्या दिवाणजीच्या या मुलाला ती पूर्ण माहीत आहे. या दोन पानांसाठी त्यांनी ती वापरलेली नाही. दर पाडव्याला नव्या वहीत ही दोन्ही खाती न जुळलेल्या स्थितीतच पुढे ओढली जातात, आणि वर देणाऱ्यांची नावे पूर्ण लिहिली जातात.