उन्हाळ्याचें बिऱ्हाड

प्रवास करणें आणि बिऱ्हाड करणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. प्रवासी गांवांतील प्रेक्षणीय तेवढें पाहतो. बिऱ्हाडकरूला दुधाची वेळ, कचऱ्याचा वार आणि शेजाऱ्याचा स्वभाव यांचीही ओळख करून घ्यावी लागते. पहिल्याला परदेश दिसतो. दुसऱ्याला परदेश पाहतां पाहतां स्वतःचें घर दिसूं लागतें. २०२४ सालच्या उन्हाळ्यांत ग्रंथालयांतील कांहीं कामानिमित्त स्कॉटलंडच्या राजधानींत, एडिंबरो येथें, दहा आठवडे राहण्याचा योग आला. मातोश्री, सौ., चिरंजीव आणि कन्या अशीं सारीं माणसें बरोबर असल्यामुळें हा दुसऱ्या प्रकारचा अनुभव आम्हांस पोटभर मिळाला.

पहिली अडचण आली ती उजेडाची. पुण्याचा सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून थोडासाच मोठा. एडिंबरो ५६ उत्तर अक्षांशाच्या अगदीं जवळ असल्यामुळें तेथें जूनच्या उत्तरार्धांत दिवस सुमारें साडेसतरा तासांचा होतो. सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्रीं दहाला मावळतो. भूगोलाच्या पुस्तकांतील हें निरुपद्रवी सत्य मातोश्रींच्या देव्हाऱ्यापुढें येऊन उभें राहिलें, तेव्हां मात्र त्याचें स्वरूप पालटलें. तिन्हीसांजा झाल्या कीं देवापुढें दिवा, आणि दिवा लागल्यावर मग पानें, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. आणि तिन्हीसांजा तर दहाच्या पुढें! घरांत सभा भरली. घड्याळाप्रमाणें सात वाजतां दिवा लावावा, असें चिरंजीवांचें मत पडलें. पुण्याची तिन्हीसांज धरावी, अशी उपसूचना कन्येनें आणली. परंतु उन्हाळ्यांत तिकडचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेचार तास मागें असल्यामुळें दुपारीं अडीचलाच दिवा लावण्याची पाळी येते, हें ध्यानांत येतांच ती बारगळली. शेवटीं निकाल दिला तो मातोश्रींनीं. “अरे, दिवा काय काळोख घालवायला लावतात? काळोखाला विजेचं बटण आहे. सगळीं माणसं घरीं आलीं कीं लावायचा.”

त्या दिवसापासून दिव्याची वेळ खगोलशास्त्राच्या हातून निघून आमच्या पायांकडे आली. कोणी टेकडीवर रेंगाळलें तर देव आणि पानें दोन्ही खोळंबत. तेव्हां आठाच्या आंत सर्वांनीं परतावयाचें, हें न सांगतां ठरून गेलें. पुण्यांत एकाच छपराखालीं राहून आम्ही पांचजण आठवड्यांतून दोनदांही एकत्र जेवत नव्हतों, ते तेथें रोज जेवूं लागलों. दुपारच्या जेवणाची वेळ मात्र किल्ल्यानें संभाळली. खाडींतील जहाजांना घड्याळें लावतां यावीं म्हणून १८६१ सालीं सुरू झालेली एक वाजतांची तोफ तेथें अजून उडते. पहिल्या दिवशीं मातोश्री दचकल्या. आठवडाभरानें तोफ झाली कीं भात वाढूं लागल्या. रविवारीं तोफ बंद असते, म्हणून त्या दिवशीं जेवणास उशीर झाला तरी चालतो, असा एक नवा शास्त्रार्थही त्यांनीं काढला.

दुसरा धडा जिन्यानें दिला. जुन्या दगडी इमारतींतील बिऱ्हाडकरूंनीं सामाईक जिना आळीपाळीनें स्वच्छ करावा, अशी तिकडची जुनी चाल आहे. आमच्या जिन्यावर ती अद्याप टिकून होती. ज्याची पाळी त्याच्या दारावर तशी पाटी अडकवलेली असे. समोरच्या निवृत्त डॉक्टरीणबाई बादली घेऊन पायऱ्या पुसतांना दिसल्यावर आमच्या चिरंजीवांस कांहीं सांगावें लागलें नाहीं. पाटीचें तें तत्त्व हळूहळू उंबरठा ओलांडून आंत आलें: भांडीं, केर, कपडे, प्रत्येकाची पाळी लागली. त्यायोगें सौ. ना जें मिळालें तें असें कीं जेवणानंतर त्या सरळ मध्यवर्ती ग्रंथालयांत जाऊन बसूं लागल्या. डनफर्मलिनच्या एका विणकऱ्याचा मुलगा, अँड्र्यू कार्नेगी, यानें दिलेल्या देणगींतून उभें राहिलेलें हें ग्रंथालय १८९० पासून सर्वांस मोफत खुलें आहे. “लग्नानंतर पहिल्यांदाच दुपार माझ्या मालकीची झाली,” असें त्या एकदां सहज बोलून गेल्या. वाक्य सहज होतें. परंतु आमच्या सबंध प्रवासांत त्याहून जड असें कांहीं आम्ही परत आणलेलें नाहीं.

म्हणून तिकडचें सारेंच गोड, असें मात्र नव्हे. तळमजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत. मुलगा ऑस्ट्रेलियांत. मातोश्रींना इंग्रजी येत नाहीं आणि त्या बाईंना मराठी. तरी बेसनाचा लाडू आणि हातवारे यांवर दोघींची मैत्री जमली. दहा आठवड्यांत त्या दारांतून टपाल आणि आमच्या मातोश्री यांखेरीज दुसरें कोणी आंत गेलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

किल्ल्याजवळ एक उंच मनोरा आहे. पॅट्रिक गेडिस यांनीं तो १८९२ सालीं हातीं घेतला. पुढें १९१९ ते १९२४ हेच गेडिस मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवीत होते, आणि त्यांच्या मागून ती धुरा आपल्या डॉ. घुर्ये यांच्याकडे आली. या मनोऱ्यांत गेडिस पाहुण्यास प्रथम थेट शिखरावर नेऊन आपलें शहर दाखवीत. मग एकेक मजला उतरतां उतरतां स्कॉटलंड, युरोप आणि सर्वांत तळाशीं सबंध जग. जगाची ओळख आपल्या गच्चीवरून सुरू व्हावी, हा त्यांचा कटाक्ष. आम्हीं मात्र तो मनोरा खालून वर चढावा तसा पाहिला: आधीं जग, आणि शेवटीं आपलें घर. कदाचित् परक्या गांवीं बिऱ्हाड करणाराच्या नशिबीं हाच क्रम असावा.

पुण्यास परतल्यावर पाळीची पाटी स्वयंपाकघरांत लागली आणि सौ. ची दुपार बहुतेक टिकली. प्रश्न उरला आहे तो दिव्याचा. चिरंजीवांनीं पुढील अभ्यासासाठीं तिकडेच जाण्याचें ठरविलें. जाऊं नको म्हणण्यासारखें एकही कारण आमच्यापाशीं नव्हतें, आणि मातोश्रींनींही तें शोधलें नाहीं. ते गेले त्या संध्याकाळीं आम्ही चौघे घरीं होतों. मातोश्री वाती वळीत बराच वेळ बसल्या, आणि मग म्हणाल्या, “त्याला विचारा, तो त्याच्या खोलींत पोंचला का.” तिकडे तेव्हां दुपारचे तीन वाजले होते. तो पोंचल्याचें कळलें, आणि दिवा लागला.