पाठीवरचें मचाण

आपल्याकडील शिकारकथांत मचाण बांधीत गांवकरी आणि वर बसत साहेब. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्या कथा मागें पडल्या, हें बरेंच झालें. अमेरिकेंतला हरणाचा फिरता शिकारी मात्र मचाण स्वतःच्या पाठीवर वाहतो, याचें आम्हांस कौतुक वाटतें. हरणांची वाट बदलली कीं त्यास झाडही बदलावें लागतें.

घडीची बैठक, खोडास आवळावयाच्या पायऱ्या, धनुष्य, दोर, सुरक्षापट्टा, एवढें तरी हवेंच. लोखंड लोखंडावर वाजलें कीं हरीण सावध. म्हणून सर्व घट्ट बांधावयाचें. जाड कपडे चालतांना गाठोड्यांतच बरे. घामानें मागाहून हुडहुडी भरते. धनुष्य वर बसल्यावर दोरानें ओढून घ्यावयाचें.

इतकें ओझें म्हटल्यावर कांहीं गाळण्याचा मोह होणारच, आणि पट्ट्यावांचून शिकार अडत नसल्यामुळें पहिली नजर त्यावरच जाते. पण पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत मनुष्यास झाडाशीं बांधून ठेवणारें तेवढेंच असतें. बाकीचें सामान हरणासाठीं. पट्टा घरीं वाट पाहणाऱ्यांसाठीं. तो गाळण्याचा अधिकार एकट्या शिकाऱ्याचा आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.