खिळ्यावरची काळी पट्टी

डोंबिवली

प्रिय मनू,


परवा व्हिडिओ कॉलवर ओट्याखाली खिळ्याला टांगलेली काळी पट्टी बघून तू म्हणालीस, "आत्या, टाकून दे ना ते." नाही टाकणार. ती तुझ्याच पहिल्या सायकलची ट्यूब आहे.

तू सहा वर्षांची होतीस. गौरी जेवणाचा दिवस, पुरणाची डाळ शिजत होती, आणि मोरीतल्या उभ्या पाइपातून चिळकांडी उडायला लागली. आपल्या बिल्डिंगचे पाइप जुने, जीआयचे. त्यांच्यावर जस्ताचा थर असतो. पण जोडासाठी आटे पाडले की तिथला थर कापला जातो आणि गंज तिथूनच धरतो. आपलं भोकही जोडाला लागूनच पडलं होतं.

तुझे बाबा गच्चीवर व्हॉल्व्ह बंद करायला धावले, तर त्याचं चाक हलेना. आप्पा आजोबांनी खालूनच सांगितलं, "जोर लावू नकोस, दांडी तुटेल." अर्धवट बंद होऊन ती तुटली असती तर खालच्या घरांना सणाच्या दिवशी पुरेसं पाणी मिळालं नसतं. प्लंबर गणपतीला कोकणात गेलेला. म्हणजे जे करायचं ते पाणी चालू ठेवूनच.

घरात एम-सील होतं, पण ते कडक व्हायला वेळ लागतो आणि वाहतं पाणी तेवढी उसंत देत नाही. टाकी आपल्यापेक्षा आठेक मीटर वर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोहून जास्त दाब. आप्पांनी काडेपेटीतली लाकडी काडी तासून भोकात ठोकली आणि पाइपाला लागून मोडली. लाकूड भिजलं की फुगतं. मग तुझी पंक्चर ट्यूब ब्लेडने उभी चिरली आणि पट्टी वीतभर खालून गुंडाळत आणली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा, आणि पट्टी हाताला कळ लागेपर्यंत ताणायची. सगळी करामत त्या ताणण्यात आहे, मनू. ताणलेलं रबर आक्रसायला बघतं, आणि त्यानेच भोक दाबून धरलं जातं. वरून एक क्लिप स्क्रूने आवळली. बॅटरी तू धरली होतीस, दोन्ही हातांनी, अजिबात न हलवता.

आप्पांनी पाइपाखाली वर्तमानपत्र पसरलं आणि पाटावर बसून राहिले. तासभराने कागद कोरडा दिसला तेव्हा उठले, आंघोळ केली, सोवळं नेसले. नैवेद्याला उशीर झाला. त्याबद्दल आई त्यांना काही बोलली नाही.

अनंत चतुर्दशीनंतर प्लंबर आला. पट्टी कोरडीच होती, तो म्हणाला, "राहू द्या की." आप्पांनी ऐकलं नाही. गंजलेला तुकडा कापून नवा घालायला लावला, वरचा व्हॉल्व्हही बदलून घेतला. पट्टी मात्र धुऊन, वाळवून, पावडर लावून त्यांनी स्वतः त्या खिळ्याला अडकवली. पुढच्या श्रावणात ते गेले. म्हणून ती तिथे आहे.

आता तू नव्या घरात गेली आहेस. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते आधी शोध आणि महिन्यातून एकदा बंद करून उघडत जा, म्हणजे तो धरणार नाही. पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा मला तो दाखव.

तुझी,
आत्या