थंडीतली बेगमी

पौष-माघात ऊन जरा चढलं की मी मधमाश्यांच्या पेट्यांपाशी जातो. झाकण काढण्याआधी प्रत्येक पेटी मागच्या बाजूने किंचित उचलून पाहतो. हाताला भार जाणवला की जीव भांड्यात पडतो.

थंड देशांतली माशी हिवाळ्यात पोळ्यावर गोळा होऊन साठवलेल्या मधावर दिवस काढते. आमच्या अहमदपूरच्या बालाघाटी माळावर याच्या उलट. थंडीची चाहूल लागते तेव्हा तूर फुललेली असते, मागून करडई. इथली माशी थंडीत कमावते आणि वैशाख-ज्येष्ठात खाते.

हे मला उशिरा कळलं. पहिल्या वर्षी माघात इटालियन माशीच्या पेटीतला जवळजवळ सगळा मध काढून घेतला. पुढे पळस आहे, कडुनिंब आहे, भागेल असं वाटलं. मे महिन्यात पेटी उघडली, तर रिकाम्या घरांत डोकी खुपसून माश्या मेलेल्या. बाहेर फक्त शेपटाकडचे भाग दिसत होते. उपासमारीची खूण हीच.

आजी बळदातली ज्वारी काढताना आधी पुढच्या सुगीपर्यंतचा हिशेब करायची. आता मीही तसंच करतो. मेणाने बंद केलेल्या मधाच्या चार चौकटी माश्यांच्या. त्यांना हात लावायचा नाही. भरलेली एक चौकट दोन-अडीच किलोची. साखरेचा पाक अडीनडीला देतो, पण पाकात पराग नसतो आणि पिल्लं वाढतात ती परागावर. पिल्लं घटली की वसाहत विरळ होते, पोळ्यांत मेणअळी शिरते, शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. उन्हाळ्यात पाणीही जवळ लागतं. पिल्लांचं पोळं ३५ अंशांच्या आसपास राखायला माश्या पाणी आणून पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यातही पेट्यांजवळचं पसरट भांडं मी कोरडं पडू दिलं नाही.

काळजी आहे ती करडईची. सोयाबीन निघालं की आता बहुतेक रानांत हरभरा पडतो. हरभऱ्याचं फूल उमलण्याआधीच फळून गेलेलं असतं; माशीला त्यातून फारसं काही मिळत नाही. म्हणून शेतकरी भावांना विनवणी आहे: हरभऱ्याच्या कडेने करडईची दोन तासं टाका. काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतं. माश्यांची उन्हाळ्याची बेगमीही त्याच दोन तासांतून होईल.